वसंत भावजींची छोटी लाईन

आमचे वसंत भावजी कुठेही गेले की आधी सावल्या बघायचे. दुसरी माणसं दारात आली की विचारतात, चहा झाला का, ऊस गेला का. हे अंगणात उभे राहून शेवग्याची सावली कुठवर सरकली आहे ते बघणार, आणि मग चपला काढणार. हातात मोठ्या तबकडीचं मिलिटरीचं घड्याळ असायचं. ते घड्याळावरून सावली तपासत होते की सावलीवरून घड्याळ, हे मला कधी कळलं नाही.

ते माझे धाकटे दीर. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझं लग्न झालं तेव्हा ते पलटणीत होते आणि लग्नाला त्यांना रजा मिळाली नव्हती. पुढं सुट्टीवर आले तेव्हा भिंतीवरचा आमचा लग्नातला फोटो त्यांनी खुंटीवरून काढला आणि उंबऱ्यापाशी उजेडात नेला. मी चुलीपाशी होते. नवी नवरी, त्यात माझा स्वभाव भिडस्त. ते तिथूनच म्हणाले, "वैनी, मुहूर्त सकाळचा हुता न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले.

"देवळाचं दार उगवतीला, आन् सावल्या दारापासनं लांब पडल्यात. म्हंजी सूर्य मावळतीकडं गेलेला. कोण रुसलं हुतं?"

रुसलं कोणी नव्हतं, वऱ्हाडाचा ट्रक वाटेत बंद पडला होता. घरच्यांनी त्यांना सगळं वेळेवर झालं असंच सांगितलं होतं. मी पदर तोंडाला लावून आत गेले. तेव्हापासून त्यांच्यासमोर खोटं बोलायचं धाडस आमच्या घरात कोणाला झालं नाही. खुद्द माझ्या जावेलाही नाही, आणि भावजींची बायको शालन तर कोणालाच भीत नव्हती.

पलटणीत भावजींच्या हातात बंदूक कमी आणि भिंग जास्त असायचं. विमानातून काढलेले जमिनीचे फोटो टेबलावर मांडून बघायचे, हे त्यांचं काम. रस्ता कुठं आहे, पूल कुठं आहे, नदीला उतार कुठं मिळेल, ते फोटोवरून सांगायचं. गावात घरटी एक तरी माणूस मिलिटरीत. पारावर लढाईच्या गोष्टी रंगायच्या आणि मग कोणीतरी यांना डिवचायचं.

"वसंता, तू कुठं लढलास रं?"

"टेबलावर."

"मग घाव कुठं लागला?"

"मानंला. वाकून वाकून."

लोक हसायचे, तेही हसायचे. मान मात्र खरंच डावीकडं कलली होती. काय बघितलं, कुठलं बघितलं, ते त्यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही. आमच्या ह्यांनी एकदा फार खोदून विचारलं तर म्हणाले, "दादा, डोंगर बघितलं. लय चांगलं डोंगर हुतं."

चौथीनंतर माझी शाळा सुटली. नकाशातला डोंगर म्हणजे सुरवंटासारख्या रेघा, एवढंच मला ठाऊक. एकदा भावजींनी औंधला यमाईच्या डोंगरावरून कोणाच्या तरी कॅमेऱ्यानं खालच्या गावाचा एक फोटो काढला, थोडं बाजूला सरकून दुसरा काढला. दोन्ही फोटो माझ्या भाजी चिरायच्या पाटावर शेजारी शेजारी मांडले आणि वर तारेच्या पायांवर बसवलेली दोन भिंगं ठेवली.

"वैनी, बघा."

"मला न्हाई कळायचं त्यातलं."

"कळायचं कशाला? नुसतं बघा."

मी डोळे लावले. आधी दोन-दोन दिसलं, मग एकदम दोन्ही मिळून एक झालं आणि घरं पाटावरून वर उठली. झाडं उभी राहिली. मी हात मागं घेतला, कौलं बोटाला लागतील असं वाटलं. भावजींनी फोटोंची अदलाबदल केली. पुन्हा बघितलं तर घरं जमिनीत खचलेली आणि तळ्याचं पाणी टेकडीसारखं वर आलेलं.

"हे काय वो भावजी?"

"उजवा फोटू डावीकडं गेला की डोळा फसतो. चढाचा खड्डा दिसतो आन् खड्ड्याचा चढ. म्हणून आमच्यात आधी पाणी बघायचं. पाणी टेकाडावरनं चाललंय म्हणलं की समजायचं, फोटू उलटं मांडल्यात."

हे मी एवढं लिहिते आहे, कारण पुढं याच गोष्टीनं त्यांचा घात केला असता.

माझे सासरे, आबा, रेल्वेत चावीवाले होते. रोज सकाळी खांद्यावर हातोडा घ्यायचा, आपल्या ठरलेल्या हद्दीत रुळांमधून चालायचं, रूळ धरून ठेवणारी चावी कुठं ढिली झाली असेल ती ठोकून बसवायची. तेव्हा आमच्याकडून छोटी लाईन जात होती. नंतर मोठी लाईन पडली. काही ठिकाणी ती जुन्याच मार्गानं गेली, आमच्या शिवारात मात्र सरकून पलीकडून गेली. जुने रूळ सरकारनं उचलले, खडी लोकांनी घराच्या पायाला नेली आणि राहिलेला मातीचा बांध ज्यानं त्यानं नांगरून आपल्या रानात घेतला. आता तिथं सगळा ऊस. इथून गाडी जात होती असं सांगितलं तर नव्या सुनांना खरं वाटत नाही.

भावजी पलटणीतून कायमचे घरी आले त्या सुमारास आबा ताटाशेजारचा तांब्या चाचपायला लागले. सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. मीही बरोबर होते. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती औषधाच्या थेंबांवर जेवढे दिवस टिकेल तेवढी टिकेल. बाजूचं दिसत जाईल तसं कमी होईल, मधलं शेवटी जाईल.

परत येताना गाडीत आबा खिडकीशी बसले होते. बाहेरचा ऊस बघत होते. मग म्हणाले, "नजर हाय तवर एकदा हद्दीवरनं चालून आलो असतो."

"आबा, तितं ऊस हाय आता," भावजी म्हणाले.

"ठावं हाय रं मला. नुसतं बोललो."

भावजी पुढच्याच आठवड्यात पुण्याला गेले आणि एक जुना कॉम्प्युटर घेऊन आले. गावाला वाटलं, क्लास काढणार. त्यांच्याबरोबर पलटणीत असलेल्या कोणीतरी फ्लॉपीवर एक प्रोग्रॅम दिला होता. त्यात आगगाडी चालवता येते, पण तिचा रस्ता आपण लिहायचा असतो. दर पंचवीस मीटरला एक ओळ. रूळ कुठं वळला, चढला की उतरला, बाजूला झाड आहे की घर, सगळं त्या ओळीत. पडद्यावर मग इंजिनात बसल्यासारखा रस्ता समोरून येत राहतो.

"लाईन उखडली तिथं वळण कुठं हुतं, हे आबांच्या ध्यानात हाय," शालन म्हणाली. "त्यास्नी विचारून लिवा आन् मोकळं व्हा."

"आबांच्या ध्यानात चालणं हाय," भावजी म्हणाले. "वळण मला जमिनीवर बघाया पायजे. आन् आता जमिनीवर न्हाई, तवा वरनं बघाया पायजे."

सांगलीत पाटबंधाऱ्याच्या एका कचेरीत जुने फोटो होते. फार वर्षांपूर्वी कालव्याची पाहणी करायला विमानातून काढलेले, छोटी लाईन असतानाचे. भावजींनी रीतसर अर्ज केला. साहेबांनी विचारलं, "जमिनीचा वाद आहे का?"

"न्हाई साहेब. रेल्वेचा रस्ता करायचाय."

"रेल्वेत आहात?"

"न्हाई. लाईन बी न्हाई."

साहेबांना काय वाटलं कोणास ठाऊक, पण परवानगी दिली. तिथंच बसून बघायचं, फोटो बाहेर न्यायचे नाहीत, हवी ती रेघ पातळ कागदावर उतरवून घ्यायची. पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळी परत. आबांना थेंबांच्या तपासणीला नेलं त्या दिवशी मी कचेरीत त्यांना काम करताना बघितलं. एरवी इतका हसरा माणूस, पण फोटोवर वाकला की चेहरा देवापुढं बसल्यासारखा व्हायचा. शिपाई म्हणाला, "काका, एखादा फोटो पिशवीत गेला तर कोणाला कळत नाही इथं." भावजींनी वर न बघता सांगितलं, "मला कळंल."

गावात वेगळंच पसरलं. आमच्या शेजारी गणपत तात्यांची पिठाची गिरण. तात्यांचा अर्धा ऊस जुन्या लायनीच्या बांधावर. एक दिवस ते वांग्यांची पिशवी घेऊन आले, दाराशीच उभे राहिले.

"वसंता, तू लाईन पुन्यांदा आखतूयास म्हणं."

"व्हय तात्या."

"माझं वावर तेवढं सोड गड्या."

"आवं, लाईन कॉम्प्युटरमधी हाय."

"त्येच म्हणतूय मी. कॉम्प्युटर सरकारचा आसतूय."

भावजींनी त्यांना आत बसवलं. पडद्यावर तात्यांचं रान होतं, पण ऊस नव्हता. बाभळी होत्या, आणि लायनीच्या कडेला विहीर, तिच्यापुढं मातीचा लांब उतार. तात्या पुढं वाकले.

"माझा ऊस कुठाय?"

"काढला. तवा नव्हता."

"आन् ही?"

"तुमच्या वडलांची मोट. फोटूत बैल न्हाईत, पर ते मोट वढत उतरायचे ती धाव सपष्ट दिसतीया."

तात्या बराच वेळ ती धाव बघत राहिले. वडील गेले तेव्हा ते पाळण्यात होते, आणि ती विहीर कधीच बुजली होती. उठताना एवढंच म्हणाले, "बैल घाल की मग. आमचं ढवळं हुतं म्हणं." त्या दिवसापासून गिरणीची मोटर सुरू करायच्या आधी तात्या शिट्टी मारायचे. कारण गिरण चालू झाली की आमचा दिवा मंद व्हायचा, कॉम्प्युटर बंद पडायचा आणि लिहिलेलं सगळं जायचं. शिट्टी ऐकली की भावजी पटकन लिहिलेलं जपून ठेवायचे. गावाच्या दळणाचं वेळापत्रक आमच्या आबांच्या लायनीवर चालायला लागलं.

आबा रोज विचारायचे, "कुठवर आली?" भावजी सांगायचे, "फाटकापतुर," "लिंबाच्या वळणापतुर." आबा मान हलवायचे. त्यांना आता समोरचं माणूस दिसायचं, पण त्याच्या शेजारी उभं असलेलं दिसायचं नाही. शालन ताट वाढताना वाटी ताटाच्या मधोमध ठेवायला शिकली.

रस्ता पुरा व्हायला आला होता. शेवटचा तुकडा गावापासून लांब, तिकडं आबांखेरीज घरातलं कोणी कधी गेलं नव्हतं; तिथं लाईन दोन दरडींच्या मधून, खोदलेल्या वाटेतून जात होती. भावजींनी तसं लिहून काढलं होतं. आता तिथल्या ओढ्याचं पाणी रुळाखालून न्यायला एक मोरी तेवढी घालायची होती. त्या सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते पडद्याकडं नुसते बघत बसलेले. चहा निवला तरी हात लावला नाही.

"काय झालं भावजी?"

"वैनी, लाईन खड्ड्यातनं जात आसंल तर तिच्या खालनं ओढा कसा जाईल?"

तेच म्हणाले, "खड्डा नव्हताच. बांध हुता. उंच बांध. कचेरीत त्या जागंचं दोन फोटू उलटं मांडून ठेवल्यात, आन् मी पाणी बघितलंच न्हाई. त्या दिवशी आबांची डॉक्टरकडची येळ झालती. कोरडा ओढा, म्हणून सोडून दिला."

पलटणीत जन्मभर जो नियम पाळला, तो एकदाच मोडला होता.

शालन दारात उभी होती. "मग आता?"

"पुन्यांदा सांगली. दोन्ही बाजूंची उंची नव्यानं काढाया लागंल. तो सगळा तुकडा पुसायचा."

"आवं, हाय तसं दाखवून टाका की. डॉक्टर काय म्हणाला ते इसरला काय? आबास्नी आता कुठं धड दिसतंय? खड्डा काय आन् बांध काय."

"दिसत न्हाई म्हणून काय बी दाखवू व्हय?"

"आन् तुमचं हुईस्तवर दिसायचंच बंद झालं तर?"

भावजी पडद्याकडं वळले. त्यांनी तो तुकडा आमच्यासमोर पुसला. ओळी खालून वर एकेक करून जाताना मी बघितल्या.

आबांनी बाहेरून हाक मारली, "वसंता, झाली का रं लाईन?"

"मोरीचं काम निघालंय, आबा."

"मग लाल झेंडी लाव. कुणी यील चुकून."

सांगलीला आता साहेब बदलले होते. नवे साहेब म्हणाले, परवानगी नव्यानं घ्या. भावजी रोज जायचे, बाहेरच्या बाकड्यावर बसायचे, परत यायचे. एरवी जाता-येता टोमणे मारणारी शालन आता न बोलता सकाळच्या पॅसेंजरच्या आधी भाकरी बांधून ठेवायची. आबा भिंत धरून चालायला लागले. एक दिवस त्यांनी दारात उभ्या असलेल्या मला विचारलं, "कोण, थोरली की धाकटी?" मी त्यांचा हात धरून आत नेलं. भावजींनी ते बघितलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गाडीला गेले. शेवटी साहेबांनी कंटाळून सही केली.

बांध पुरा झाला त्या सकाळी भावजींनी खिडकीला घोंगडं लावून उजेड कमी केला. आबा न्हाऊन, धुतलेला पटका बांधून आले. पायात वहाणा. जमीन आदल्या दिवशी सारवलेली.

"आबा, वहाणा," मी हळूच म्हणाले.

"लायनीवर अनवाणी जात न्हाईत," आबा म्हणाले. शालन मला म्हणाली, "जाऊ दे की, अक्का. सारवीन मी परत."

भावजींनी त्यांना पडद्याच्या अगदी जवळ बसवलं. आबांची नजर एखाद्या नळीतून बघावं तेवढीच उरली होती. पण रूळ पडद्याच्या मधोमध होते, आणि तेवढे त्या नळीत मावत होते. गाडी भावजींनी माणसाच्या चालीनं सोडली. आबा या लायनीवर गाडीत फारसे बसलेच नव्हते, चालले होते.

फाटक आलं. लिंबाचं वळण आलं. "हितं पाणी प्यायचो," आबा म्हणाले, आणि तात्यांची विहीर आली, ढवळ्या बैलांसकट. मधूनच आबांचा उजवा हात गुडघ्यावर ठोका मारायचा. तिथं कुठली चावी ढिली असायची ते त्यांनाच ठाऊक.

मग दोन्हीकडची जमीन खाली जायला लागली. रानं खोल गेली, झाडांचे शेंडे रुळाच्या बरोबरीला आले. भावजींनी आबांना काही सांगितलं नव्हतं, हा तुकडा पुसला होता हेही नाही. आबांनी डावा हात सावकाश वर नेला आणि डोक्यावरचा पटका दाबून धरला. अंग थोडं एका बाजूला कललं. बांध संपेपर्यंत ते तसेच बसले होते. जमीन पुन्हा रुळाला येऊन मिळाली तेव्हा हात खाली आला.

भावजी पडद्याकडं बघतच नव्हते. ते त्या हाताकडं बघत होते. त्यांनी शालनकडं बघितलं.

"वारं हाय वाटतं वर," शालन म्हणाली.

इतका अभिमान मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटला आहे. आमच्या घरात असा माणूस होता, ज्यानं उसाखाली गेलेल्या बांधावरचं वारं आपल्या बापाला परत दिलं.

पडद्यावर हद्दीचा दगड आला आणि गाडी थांबली.

"झाली हद्द, आबा."

आबांनी मान हलवली. वहाणा सारख्या केल्या. "चल, आता माघारी."

भावजींनी आबांकडं बघितलं. "माघारी न्हाई केलं, आबा. एकाच बाजूनं हाय."

"मग घरी कसा येऊ रं मी?"

मला हसू आलं, शालनलाही आलं. भावजी हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, पातळ कागदांची गुंडाळी उलट्या बाजूनं उलगडली, मान डावीकडं कलवून वाकले आणि शेवटच्या दगडापासून अलीकडं पहिली ओळ लिहायला लागले. आबा तिथंच, गुडघ्यांवर हात ठेवून, काम होण्याची वाट बघत बसले. कोणालाच कसली घाई नव्हती.

"वैनी," भावजी मागं न बघता म्हणाले, "आबा हद्दीवर हायत. त्यांचा च्या हितंच आणा."